बाळसं

भाजे,
मंगळवार

प्रिय आबा,

शाळेत शिकवलं होतं, वडिलांना लिहिताना 'तीर्थरूप' लिहायचं आणि साष्टांग नमस्कार घालायचा. पण साष्टांग घालून भांडता येत नाही, आणि मला जरा भांडायचंय, म्हणून आपलं 'प्रिय'. फोन केला तर तुम्ही उचलत नाही. उचललात तर 'ठीक हाय, ठेव' म्हणता आणि खरंच ठेवता. भाजे ते कुसगाव अंतर ते केवढं, पण दसऱ्यापासून तुम्ही इकडं फिरकला नाहीत. दिवाळी गेली, संक्रांत गेली. म्हटलं, पत्र लिहावं, ते मधेच तोडता येत नाही. तुमच्या शेजारच्या गाळ्यातले कादरचाचा उद्या मळवलीला येणार आहेत, त्यांच्या हाती देते. चष्मा लावून स्वतः वाचा. चाचांना वाचायला देऊ नका, ते शेवट आधी वाचतात आणि मग मधलं सगळं मनानं सांगतात.

आधी मुक्ताची खुशाली. तुमची नात परवाच्या रविवारी लेण्यांच्या पायऱ्या चढली. कुणाचा हात न धरता, कडेला टेकत टेकत, पहिल्या वळणापर्यंत. तिथं बसली आणि वरून आमच्याकडं असं बघितलं की जणू किल्लाच सर केला. तुमच्या जावयानं, अतुलनं, व्हिडिओ काढला, पण त्याचाच हात इतका कापत होता की त्यात पोर कमी आणि आभाळ जास्त दिसतं. चार वर्षांच्या पोरी त्या पायऱ्या पळत चढतात हे मलाही दिसतं, आबा. पण हिनं पहिलं वर्ष सरत आलं तरी मान धरली नव्हती. तुम्हीच तिला मांडीवर घ्यायचा आणि एक हात मानेखाली ठेवायचा, जेवताना एका हातानं भाकरी मोडायचा. म्हणून हे सगळ्यांत आधी तुम्हाला सांगायचं होतं. फोन केला होता. तुम्ही उचलला नाहीत.

तिच्या जन्माचं मला अजून स्वच्छ आठवतं. तुम्ही दवाखान्यात आलात, टोपी काढून तिच्याजवळ वाकलात आणि म्हणालात, 'लय गुणी पोर हाय. आवाज न्हाई का काय न्हाई.' जो आला तो तेच म्हणाला. रडत नाही, हातपाय झाडत नाही, निजलेलीच असते, केवढी शहाणी. आपल्याकडं न रडणारं मूल म्हणजे गुणी मूल. मीही ते ऐकून खूश होत होते आणि आतून घाबरत होते, कारण ती अंगावर पीतच नव्हती. ओढायची ताकदच नव्हती. नाकातून नळी घातली, नळी निघाल्यावर चमच्यानं दूध. एक वाटी दूध संपायला तास जायचा, आणि तुम्ही तो तास बसायचा. रात्रपाळीची नर्स म्हणाली होती की असा आजोबा बघितला नाही. मीही बघितला नव्हता. माझ्या लहानपणी तुम्ही चिक्कीच्या भट्टीवरच असायचा.

मग पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात रक्त दिलं आणि त्या आजाराचं नाव कळलं, प्रेडर-विली. सासूबाईंना ते नाव अजून म्हणता येत नाही, त्या 'पोरीचं ते' म्हणतात. त्यांनी पहिला प्रश्न विचारला होता तो असा की हे कुणाच्या घराण्यातून आलं. तिथल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, कुणाच्याच नाही. गर्भ धरतानाच गुणसूत्राचा एक बारीकसा तुकडा गळून गेला, त्यात कुणाची चूक नाही, ना आईची ना बापाची. मग म्हणाल्या, आता अंगात जोर नाही, गिळता येत नाही, म्हणून तुम्ही खायला घालायची खटपट करताय. दोनेक वर्षांनी हीच मुलगी जास्त न खाता अंगानं वाढायला लागेल. आणि त्याच्या पुढं अशी भूक येईल की जी भागतच नाही, कारण पोट भरल्याचा निरोप डोक्यापर्यंत पोचत नाही. तुम्ही ते ऐकून हसलात. त्या वाटीभर दुधासाठी तासभर झगडणाऱ्या पोरीला भूक येईल, हे तुम्हाला आशीर्वादासारखं वाटलं. खरं सांगू, मलाही क्षणभर तसंच वाटलं.

इंजेक्शनचा विषय निघाला तेव्हा मात्र तुम्ही हसला नाहीत. वाढीचं हार्मोन, रोज संध्याकाळी, वर्षानुवर्षं. 'त्ये ब्रॉयलर कोंबड्यांना देत्यात तसलं?' असं तुम्ही मॅडमच्या तोंडावर विचारलंत. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, आजोबा, हे आपल्या सगळ्यांच्या अंगात असतं, हिच्या अंगात कमी तयार होतं, तेवढंच आपण बाहेरून भरतोय. हे दिलं की अंगात चरबीऐवजी स्नायू धरतात, पोर उभी राहील, चालेल, छातीत श्वासाला जोर येईल. तरी तुमचं एकच, 'एवढ्याशा जिवाला सुया कशाला, जरा मोठी होऊ द्या, मग बगू.' घरी येईपर्यंत सासूबाई तुमच्या बाजूला गेल्या होत्या. शेवटी अतुल बोलला. एरवी न बोलणारा माणूस. म्हणाला, 'आबा, भिंत बांधली की पाणी कधी मारता? ओली हाय तवर. वाळल्यावर टँकर रिकामा केला तरी काय उपेग?' मुक्ता वर्षाची झाली, झोपेची तपासणी झाली आणि पहिलं इंजेक्शन दिलं. मी तेव्हा रडले नाही. हात धुवायला मोरीत गेले आणि तिथं रडले.

चुका काय, सगळ्यांच्याच झाल्या. ते इंजेक्शनचं पेन फ्रिजमध्ये ठेवायचं असतं, दाराच्या कप्प्यात. एका पावसाळ्यात लाइट गेली ती दोन दिवस आली नाही. मी मळवलीहून बर्फ आणायला गेले, आणि सासूबाईंनी विचार केला, गार ते गार, आणि पेन नेऊन बर्फाच्या कप्प्यात कोंबलं, वर मटाराच्या पिशव्या रचल्या. तिथला बर्फ अजून टिकून होता, ते गोठलं. गोठलं की त्यातलं औषध मेलं. नवीन येईपर्यंत सुई बंद. सासूबाई तेव्हा दोन दिवस जेवल्या नाहीत, आणि मी त्यांना जेवा म्हटलं नाही. असली मी आहे. पण तिसऱ्या दिवशी त्यांनीच मला हाक मारली आणि म्हणाल्या, 'मला समदं नीट सांग, कुटं ठेवायचं, कुटं न्हाई. मला सांगितलंच न्हाईस, तर मला कसं उमगायचं?' त्या दिवसापासून फ्रिज त्यांच्या ताब्यात आहे. अतुलला पाण्याची बाटली काढायची तर विचारून काढावी लागते.

मग ती दोन वर्षांची झाली आणि अंगानं भरायला लागली. आठवतोय ना तो महिना? जिच्या फासळ्या दिसायच्या तिच्या मनगटाला वळ्या पडल्या, गाल वर आले. आळीत जो तो म्हणायचा, आता कसं पोरीनं बाळसं धरलंय. सासूबाई रोज संध्याकाळी मीठमोहऱ्या उतरवून टाकायच्या. तुम्ही भट्टीवर चिक्की वाटलीत, ज्यांनी ती बनवली त्याच कारागिरांना. बाळसं हा आपल्याकडं आनंदाचा शब्द आहे, आबा. ते धरलं म्हणून कुणी डॉक्टरकडं पळत नाही. मी पळाले, कारण मला आधी सांगून ठेवलं होतं. वाटीत तेवढाच भात, तेवढंच वरण, आणि वजनाचा काटा मात्र वर. मॅडमनी तो आलेख बघितला आणि म्हणाल्या, हेच ते, आलं. सुई लवकर चालू केलीत म्हणून निदान पाय साथ देतायत, नाहीतर हे वजन घेऊन ती बसूनच राहिली असती. पण सुई भूक मारत नाही. तो पहारा तुम्हालाच द्यावा लागेल, आणि आजपासून द्यावा लागेल. घरी आल्यावर मी तुम्हाला फोन करून सांगितलं, की हे बाळसं नव्हे. तुम्ही म्हणालात, 'दृष्ट लागंल, असं बोलू नगं.'

पहारा कुणावर द्यायचा हो? पोरीवर देता येतो. पण आपल्या माणसांवर कसा द्यायचा? लेकरू असलेल्या घरात कुणी खाऊ न घेता पाऊल ठेवत नाही. पावण्यांच्या पिशवीत बिस्किटं, देवळात प्रसाद, लेण्यांकडं जाणारे पुण्याबिण्याचे लोक गाडीच्या खिडकीतून चॉकलेट काढून देतात, आणि लोणावळ्याच्या बाजारात तर दुकानदार पोराच्या हातावर चवीला तुकडा ठेवूनच बोलायला सुरुवात करतात. मी स्वयंपाकघराला दार बसवलं आणि दाराला कुलूप. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, 'घराला कुलूप बगितलं, पर चुलीला कुलूप बगायचं माझ्या नशिबात हुतं.' पायऱ्यांपाशी कणसं भाजणाऱ्या बायकांना मी एकेकीला जाऊन सांगितलं. त्यातल्या एकीनं मला तोंडावर ऐकवलं की आई हाय का कैदाशीण. मी म्हटलं, कैदाशीण. तीच बाई आता मुक्ता दिसली की कणसाची टोपली पदराखाली घेते.

सगळे वळले आणि तुम्ही तेवढे राहिलात. शनिवारी तुम्ही तिला गाळ्यावर न्यायचा, मला बरं वाटायचं, पोर रमते म्हणून. मग फ्रॉकच्या खिशात चिक्कीचा कागद सापडला. मग उशीखाली. मी विचारलं तर ती म्हणाली, आईला सांगायचं नाही. ते वाक्य तिचं नव्हतं, आबा, ते तुमचं होतं. त्याच आठवड्यात तपासणी होती. वजन चढलेलं, आणि झोपेत तिचा श्वास मधेच थांबत होता. मॅडमनी स्पष्ट सांगितलं, हे असंच चाललं तर इंजेक्शन थांबवावं लागेल. वजन वाढलंय, झोपेत घसा दबतोय, अशा मुलाला हे औषध देणं धोक्याचं. म्हणजे इतक्या लवकर चालू केलेलं, इतक्या जणांशी भांडून चालू केलेलं, ते चिक्कीच्या एकेका तुकड्यानं बंद पडणार. मी पुण्याहून परतताना थेट तुमच्या गाळ्यावर उतरले. दसऱ्याची गर्दी होती, गिऱ्हाइकं होती, आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं की तुम्ही माझ्या पोरीला मारताय.

त्याची माफी मागायला मी हे लिहीत नाही. जागा चुकली असेल, शब्द चुकले नाहीत. तुम्ही हातातलं लाटणं खाली ठेवलं, हात पुसले आणि आत जाऊन बसलात. बोलला असतात तर बरं झालं असतं. तुमच्या जागी जाऊन बघितलं तर मला कळतंही. तुम्ही तिला चमच्यानं दूध पाजून जगवलंय, आणि आता तीच हात पुढं करून मागतेय, तर तो हात मागं सारायचा? उभा जन्म लोकांच्या पोरांना गोड घातलंत आणि स्वतःच्या नातीला नाही म्हणायचं? कळतं मला. पण कळलं म्हणून चालवून घेणार नाही. मला तुमचा राग आलाय, अजून आहे. आणि तुमची आठवण येते, तीही आहे. दोघी एकाच घरात राहतात, सासूसुनेसारख्या.

तुमच्याशी भांडले त्याचा उपयोग झाला, तेही सांगते. वजन तिथंच थांबलं, मग ती उंचीनं वाढली आणि ते अंगाला शोभायला लागलं. श्वासाची तपासणी परत केली, ती बरी आली. इंजेक्शन चालू आहे. पुढची तपासणी उन्हाळ्यात. पण भूक आता दाराशी आलीय, आबा. गेल्या महिन्यात तिनं देव्हाऱ्यातला नैवेद्य खाल्ला, एकदा कणकेचा गोळा कच्चाच खाल्ला. मी हिसकावून घेतला तर जमिनीवर पडून अशी रडली की शेजारचे धावत आले. जन्मली तेव्हा जिला रडता येत नव्हतं ती. मॅडमनी सांगितलंय की ओरडायचं नाही, वेळ पाळायची, पुढं काय हे आधी सांगायचं. आता अंघोळ, मग वरणभात, मग फिरायला. वेळ चुकली नाही तर ती शांत असते. सासूबाईंनी ते इतकं मनावर घेतलंय की कुलपाची किल्ली कनवटीला असते आणि दारात आलेल्या माणसाला आधी ऐकवतात, 'खाऊ आणू नगा, फुगा आणा.' आता घरात माणसांपेक्षा फुगे जास्त आहेत. एक फुटला की सासूबाई दचकतात आणि मुक्ता टाळ्या वाजवते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. पुढच्या सोमवारपासून मी उर्सेजवळच्या एका कंपनीत पॅकिंगला लागतेय. दुसरी पाळी, दुपारी जायचं, रात्री उशिरा कंपनीची बस सोडणार. ही सुई अजून कित्येक वर्षं चालायचीय आणि एका पगारावर ती चालणार नाही, एवढंच सांगते. संध्याकाळी इंजेक्शनच्या वेळेला मी घरी नसणार. अतुलची क्रेन एक्सप्रेसवेवर, घाटात ट्रक आडवा झाला की त्याला धावावं लागतं. सासूबाईंचा हात कापतो. मी खूप विचार केला आणि दुसरं कुणी सुचत नाही, म्हणून तुम्हाला बोलावतेय. इथं राहायला या. तिला रोजची सुई तुम्ही द्या. तुम्हाला साखर निघाल्यापासून तुम्ही स्वतःच्या पोटात रोज सुई टोचताय, आणि हिच्या मांडीला टोचताना बघून अंगणात पळून गेलात, ते आता पुरे झालं. आणि ती खायला मागेल, सगळ्यांत जास्त तुमच्याकडंच मागेल, तेव्हा तुम्ही नाही म्हणायचं. आजारी पडल्यापासून दिवसभर गुळाच्या कढईपाशी उभे राहून तुम्ही जिभेवर कण ठेवलेला नाही. 'नाही' कसं म्हणतात हे या घरात तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे? फक्त येताना काही आणू नका. फुगाही नको. मुक्ता रोज विचारते, आबा कधी येणार. ती तुमची वाट बघते का चिक्कीची, हे मला खरंच ठाऊक नाही. रिकाम्या हातानं या, म्हणजे आपल्या दोघांनाही कळेल. आणि तिनं आधी तुमचे खिसे चाचपले, तर परत जाऊ नका. राहा. हळूहळू ती तुमची वाट बघायला लागेल.

तुमचीच भांडखोर,
प्रेरणा